मेथाडोन क्लिनिकचं लायसन्स काढायचंय? पेनसिल्व्हेनियात काय काय करावं लागतं, पहिल्यापासून सांगते

ओटीपी म्हटलं की आपल्याला मोबाईलवर येणारा सहा आकडी नंबर आठवतो. मलाही तोच आठवायचा. इकडे अमेरिकेत मात्र ओटीपी म्हणजे ओपिऑइड ट्रीटमेंट प्रोग्रॅम, हेरॉइन, फेन्टानिल नाहीतर पेनकिलरच्या गोळ्यांचं व्यसन लागलेल्या माणसाला रोज मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देऊन जिथे उपचार करतात ती जागा. लोकांच्या तोंडी एकच नाव, मेथाडोन क्लिनिक. देशभरात अशी दोन हजारांच्या वर क्लिनिकं आहेत आणि त्यातल्या एकाची सगळी परवाना-भानगड माझ्या गळ्यात पडली होती.

मी मूळची नाशिकची, बी.फार्म. करून लग्नानंतर इकडे आले. आधी फार्मसीत टेक्निशियन, मग एका क्लिनिकच्या ऑफिसात कागदपत्रं सांभाळायला. तिथल्या डॉक्टरांनी नवीन ओटीपी काढायचं ठरवलं आणि मला म्हणाले तू फार्माची आहेस, तुला जमेल. जमलं, पण चौदा महिने लागले आणि त्यातले निदान पाच महिने निव्वळ माझ्या अडाणीपणामुळे गेले. गेल्या वर्षभरात आपल्या मराठी ओळखीतल्या तिघांनी (दोन डॉक्टर, एक फार्मसीवाला) याबद्दल विचारलं, तिघांना फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतेय.

हे सगळं पेनसिल्व्हेनियाचं आहे हे आधीच सांगते. फेडरल म्हणजे केंद्र सरकारचा भाग सगळीकडे सारखा, पण स्टेटचा भाग राज्य बदललं की बदलतो. वेस्ट व्हर्जिनियाने २००७ मध्ये नवीन मेथाडोन क्लिनिकांवर सरळ बंदीच घातली. आपल्याकडून डेलावेअर नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलात तरी खातं वेगळं, चॅप्टर वेगळा, फॉर्म वेगळा. तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या मित्राने "अरे काही नाही, सोपं असतं" म्हटलं तर हसा आणि सोडून द्या.

१. आधी बघा, तुम्हाला हे लायसन्स लागतंय तरी का

माझ्याकडे आलेल्या तिघांपैकी एका डॉक्टरांना काहीच लागत नव्हतं! त्यांना आपल्या नेहमीच्या क्लिनिकात ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायचं होतं, बस्स. त्यासाठी पूर्वी एक्स-वेव्हर नावाची वेगळी परवानगी काढावी लागायची, किती पेशंट घ्यायचे त्यावर मर्यादा असायची. २९ डिसेंबर २०२२ ला ती अटच गेली. आता शेड्यूल ३ (कंट्रोल्ड, म्हणजे सरकारी नियंत्रणातल्या औषधांचा जरा सैल गट) लिहायचं साधं डीईए रजिस्ट्रेशन (डीईए म्हणजे अशा औषधांवर नजर ठेवणारं फेडरल खातं) असलेला डॉक्टर ब्युप्रेनॉर्फिन लिहू शकतो आणि पेशंट ते कोपऱ्यावरच्या फार्मसीतून घेऊ शकतो. नाल्ट्रेक्सोन हे व्यसनावरचं आणखी एक औषध तर कंट्रोल्ड औषधातच येत नाही.

मेथाडोनचं तसं नाही. दुखण्यासाठी मेथाडोन लिहिलं तर फार्मसीत मिळतं, पण तेच औषध, तेवढंच, व्यसनाच्या उपचारासाठी हवं असेल तर प्रिस्क्रिप्शनवर फार्मसीत नाही मिळत, ते ओटीपीतूनच द्यावं लागतं. १९७४ च्या कायद्यापासून ही वेगळी चूल मांडलेली आहे. म्हणजे मेथाडोन द्यायचं असेल तरच पुढचं वाचा, नाहीतर इथेच थांबा आणि तुमचे चौदा महिने वाचवा.

२. चार दारं, आणि प्रत्येक दारावर दुसऱ्याची चिठ्ठी मागतात

रेशनकार्डाला लाईटबिल पाहिजे, लाईटबिलाला भाडेकरार पाहिजे, भाडेकराराला रेशनकार्ड पाहिजे, हा प्रकार ज्यांनी घरी बघितलाय त्यांना हे लगेच कळेल. चार जणांची परवानगी लागते.

पहिलं दार स्टेटचं. पेनसिल्व्हेनियात डिपार्टमेंट ऑफ ड्रग अँड अल्कोहोल प्रोग्रॅम्स, सगळे डीडॅप म्हणतात. दुसरं सॅमसा, वॉशिंग्टनच्या आरोग्य खात्याखालची संस्था, ती ४२ सीएफआर पार्ट ८ या नियमाखाली सर्टिफिकेशन देते (२००१ पर्यंत हे काम एफडीएकडे होतं). तिसरं डीईए, म्हणजे औषध तिजोरीत ठेवायची परवानगी. चौथं अ‍ॅक्रेडिटेशन, म्हणजे सॅमसाने मान्य केलेल्या कार्फ, जॉइंट कमिशन अशा एखाद्या संस्थेने येऊन तुमचं काम तपासायचं.

आता गंमत बघा. डीईए म्हणतं आधी स्टेटचं आणि सॅमसाचं आणा. सॅमसा म्हणतं अ‍ॅक्रेडिटेशनला अर्ज केलाय ते दाखवा, आणि स्वतः स्टेटला विचारून घेतं. अ‍ॅक्रेडिटेशनवाले म्हणतात पेशंटच्या फाईली दाखवा, आणि पेशंट तर डीईए झाल्याशिवाय घेताच येत नाही. मी पहिले दोन महिने याच चक्रात फिरत होते, एक झालं की दुसरं करू म्हणत बसले होते. तसं करायचंच नाही. चारही अर्ज जवळजवळ एकदम सोडायचे आणि सॅमसाकडून प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरतं, सर्टिफिकेशन घ्यायचं. नव्या ओटीपीला ते जास्तीत जास्त एक वर्षासाठी मिळतं, तेवढ्यात पेशंट घेऊन, फाईली तयार करून अ‍ॅक्रेडिटेशन पार पाडायचं. हे प्रोव्हिजनल म्हणजे काय ते मला कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी त्याला घरी बोलावून पुरणपोळी खाऊ घातली असती.

प्रत्येक राज्यात या कामासाठी एक नेमलेला माणूस किंवा ऑफिस असतं, स्टेट ओपिऑइड ट्रीटमेंट अथॉरिटी, आणि त्याचा शॉर्टफॉर्म होतो सोटा. आपल्याला काठी आठवते, पण मला तरी सगळ्यात जास्त मदत तिथूनच झाली. जागा शोधायच्याही आधी सोटाला ईमेल टाका, आम्ही अमुक भागात असं काढतोय म्हणून. सॅमसा शेवटी त्यांनाच विचारणार आहे, तेव्हा त्यांना तुमचं नाव आधीपासून माहीत असलेलं बरं.

३. जागा, इथे सगळ्यात जास्त रक्त आटतं

पेनसिल्व्हेनियात एक कायदा होता की शाळा, चर्च, खेळाचं मैदान, पाळणाघर, लोकवस्ती यांच्यापासून ५०० फुटांच्या आत मेथाडोन क्लिनिक काढता येणार नाही, टाऊनने, म्हणजे तिथल्या पालिकेने, खास मंजुरी दिली तरच. रेडिंग शहरातल्या एका प्रकरणात थर्ड सर्किट या फेडरल अपील कोर्टाने २००७ मध्ये हा कायदा रद्द केला, कारण अपंगांच्या हक्काच्या कायद्याखाली व्यसनावर उपचार घेणाऱ्यांशी असा भेदभाव करता येत नाही. म्हणजे फक्त मेथाडोन क्लिनिकला लागू होणारा अंतराचा नियम टाऊनशिपने तुमच्यावर लादला तर तो टिकत नाही. पण म्हणून झोनिंग (कुठल्या जागेत काय काढता येतं ते नियम) तुम्हाला लागूच नाही असंही नाही हां. मेडिकल ऑफिसला जे नियम तेच तुम्हाला, पार्किंग, दरवाजे, आगीचे नियम, सगळं.

आमची पहिली जागा गेली ती कायद्यामुळे नाही, मालकामुळे. त्याला आम्ही "मेडिकल ऑफिस" एवढंच सांगितलं होतं, खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. टाऊनशिपच्या मीटिंगमध्ये विषय निघाला, एक आजी उभ्या राहून म्हणाल्या माझी नात त्याच रस्त्याने शाळेत जाते, आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा फोन. तिथे आमचं साडेतीन महिन्यांचं भाडं आणि आर्किटेक्टचे पैसे बुडाले. आजींचा मला राग नाही आला, खरं सांगते, आमच्या नाशकात गल्लीत असं काही येणार म्हटलं असतं तर माझी आई त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलली असती. राग आला स्वतःचा, की मालकाला आधी स्वच्छ का सांगितलं नाही.

तेव्हा भाडेकरारात दोन गोष्टी लिहूनच घ्या. एक, जागेचा वापर ओपिऑइड ट्रीटमेंट प्रोग्रॅम म्हणून होणार आहे हे स्पष्ट शब्दांत. दोन, स्टेट, सॅमसा आणि डीईएची मंजुरी मिळाली नाही तर करार मोडता येईल. वकिलाला पैसे लागतात, द्या. इथे वाचवलेले पैसे पुढे दामदुपटीने जातात.

जागा बघताना हे पण बघा:
- पेशंट जिथे थांबणार ती जागा आणि औषध ठेवायची-द्यायची जागा एकमेकींपासून प्रत्यक्ष वेगळ्या पाहिजेत, डीईएचा नियम आहे.
- सकाळी साडेपाचला दार उघडतं आणि नऊपर्यंत रांग असते. शेजारी बेकरी असेल तर तिचंही गिऱ्हाईक त्याच वेळचं, पार्किंगवरून भांडणं ठरलेली.
- बस थांबा जवळ पाहिजे. सुरुवातीला पेशंटला जवळजवळ रोज यावं लागतं आणि खूप जणांकडे गाडी नसते.
- जमीन. हो, फरशीखाली काय आहे ते. का ते तिजोरीच्या भागात सांगते.

४. नाव आणि पत्ता, एक अक्षर इकडचं तिकडे नको

हा मुद्दा छोटा वाटतो, पण माझे सहा आठवडे यात गेले. आमच्या भाडेकरारात पत्ता होता "स्वीट २", टाऊनशिपच्या ऑक्युपन्सी सर्टिफिकेटवर "युनिट २", आणि डीडॅपच्या अर्जात मी लिहिलं "दुसरं युनिट, मागची बाजू", कारण मला वाटलं इन्स्पेक्टरला सापडायला सोपं जाईल. डीईएच्या रेकॉर्डला स्टेटचा पत्ता जुळेना. फोन केला तर समोरची बाई शांतपणे म्हणाली, मॅडम, आमच्या लेखी या तीन वेगळ्या जागा आहेत.

कंपनीच्या नावाचंही तेच. एलएलसी आहे की इन्क, मधे स्वल्पविराम आहे की नाही, पाटी वेगळ्या नावाची लावणार असाल तर ते नाव स्टेटकडे नोंदवलंय का. पहिल्याच दिवशी एक कागद घ्या, त्यावर नाव, पत्ता, झिप, फोन, टॅक्स नंबर, स्पॉन्सरचं (सगळ्याची जबाबदारी घेणाऱ्याचं) नाव आणि मेडिकल डायरेक्टरचं नाव लायसन्सवर आहे तसं टाईप करा आणि भिंतीवर चिकटवा. प्रत्येक फॉर्म त्या कागदावरून भरायचा, डोक्यातून नाही.

५. माणसं

प्रोग्रॅम स्पॉन्सर म्हणजे सगळ्याची जबाबदारी घेणारा. तो डॉक्टर असायलाच पाहिजे असं नाही, पण त्याने मेडिकल डायरेक्टर म्हणून लायसन्सवाला डॉक्टर ठेवलाच पाहिजे. आपल्या फार्मसीवाल्या मित्राला वाटत होतं की तो डॉक्टर नाही म्हणजे विषय संपला. संपला नाही.

मग पेनसिल्व्हेनियाचे आकडे. हे २८ पी.ए. कोड या राज्याच्या नियमावलीच्या चॅप्टर ७०४ आणि ७१५ मध्ये आहेत आणि तुमचं सगळं बजेट यांवर उभं राहतं. दर १० पेशंटमागे आठवड्याला १ तास डॉक्टर जागेवर हजर पाहिजे. एका कौन्सेलरकडे ३५ पेक्षा जास्त पेशंट नकोत. दर ८ कौन्सेलरमागे एक क्लिनिकल सुपरवायझर. म्हणजे २०० पेशंट धरले तर डॉक्टरचे आठवड्याला २० तास, सहा कौन्सेलर आणि एक सुपरवायझर, आणि नर्स वेगळ्या. आमच्या डॉक्टरांनी आधी हिशोब केला होता तो चार कौन्सेलरचा, कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या क्लिनिकवरून. नवीन एक्सेल शीट बघून त्यांनी चष्मा काढून ठेवला होता.

कौन्सेलरांच्या ट्रेनिंगची सर्टिफिकेटं हा इन्स्पेक्शनमधला हमखास पकडला जाणारा मुद्दा. एचआयव्हीचं किमान ६ तासांचं आणि टीबी-गुप्तरोगांचं किमान ४ तासांचं, तेही मान्य अभ्यासक्रमाचं. कोणीतरी ऑनलाईन दोन तासांचं करून येतो आणि मग नोटीस येते.

आणखी एक नाजूक गोष्ट. या क्षेत्रातले कितीतरी उत्तम कौन्सेलर स्वतः व्यसनातून बाहेर आलेले असतात, आणि पेशंट त्यांचंच ऐकतात. त्यांना जरूर घ्या. फक्त औषधाची डिलिव्हरी सही करून घ्यायचं काम त्यांना देता येत नाही, डीईएच्या नियमात तसं सरळ लिहिलंय. आणि ज्याच्यावर कंट्रोल्ड औषधांचा फेलनी, म्हणजे गंभीर, गुन्हा सिद्ध झालाय त्याला, डीईएने खास सूट दिली नसेल तर, औषधाला हात लागेल अशा कामावर ठेवता येत नाही. हे मुलाखतीतच नीट, मान राखून बोलून घ्या. आम्ही नाही बोललो, नंतर ड्यूटी बदलावी लागली आणि तो बिचारा सगळ्यांसमोर ओशाळला.

६. पॉलिसी मॅन्युअल, विकत घेऊ नका किंवा घेतलंत तर वाचा

बाजारात तयार मॅन्युअलं मिळतात. आम्ही घेतलेल्याच्या पान ४० वर टेक्सासच्या खात्याचं नाव तसंच राहिलं होतं, आणि ते कोणाला दिसलं? डीडॅपच्या इन्स्पेक्टरला.

त्याहून मोठा सापळा म्हणजे जुने नियम. पार्ट ८ चा नवीन नियम २ फेब्रुवारी २०२४ ला आला, २ एप्रिलपासून लागू झाला आणि २ ऑक्टोबर २०२४ पर्यंत सगळ्यांनी पाळायला लागायचं होतं. त्याआधीचं मॅन्युअल असेल तर ते रद्दी समजा. पूर्वी बहुतेकांना एक वर्षाचं व्यसन दाखवावं लागायचं, ती अट गेली. पहिल्या दिवशी आधी मेथाडोन ३० मिलिग्रॅमने सुरुवात करून एकूण ४० च्या आत राहायचे, आता पहिल्या दिवसाची मर्यादा ५० आहे, त्याहून जास्त दिलं तर का दिलं ते फाईलीत लिहायचं. घरी न्यायचे डोस, ज्याला सगळे टेक-होम म्हणतात, ते पहिल्या १४ दिवसांत ७ दिवसांपर्यंत, १५ व्या दिवसापासून १४ दिवसांपर्यंत आणि ३१ व्या दिवसापासून २८ दिवसांपर्यंत देता येतात, अर्थात डॉक्टरला सुरक्षित वाटलं तर. सुरुवातीची तपासणी करून औषध चालू करता येतं पण पूर्ण शारीरिक तपासणी १४ दिवसांच्या आत झाली पाहिजे.

आता नीट लक्ष द्या. हे फेडरल झालं. फेडरल आणि स्टेट वेगळं सांगत असतील तर जो कडक तो पाळायचा. साधं उदाहरण लघवीच्या तपासणीचं. फेडरल म्हणतं वर्षाला किमान ८ वेळा, न सांगता. चॅप्टर ७१५ म्हणतं महिन्याला किमान एकदा, म्हणजे १२. मॅन्युअलमध्ये ८ लिहिलंत की नापास. कौन्सेलिंगचंही तसंच, चॅप्टर ७१५ मध्ये पहिली दोन वर्षं महिन्याला सरासरी अडीच तास लिहिलेले आहेत, त्यातला एक तास एकेकट्याचा. आणि डीडॅप अधूनमधून लायसन्सिंग अलर्ट काढतं, त्यात कोडमधल्या एखाद्या कलमाला सूट दिलेली असते, कधी काही नवीन सांगितलेलं असतं. म्हणून दोन खिडक्या उघडून बसायचं, एकीकडे कोड, दुसरीकडे अलर्ट, आणि ओळीओळीने जुळवत जायचं. कंटाळा येतो, मी चहाचे किती कप प्यायले देवाला माहीत.

डायव्हर्जन कंट्रोल प्लॅन विसरू नका, म्हणजे औषध बाहेर जाऊन विकलं जाऊ नये म्हणून तुम्ही काय करणार ते. टेक-होम नेणाऱ्याकडे कुलपाचा डबा आहे का कोण बघणार, रिकाम्या बाटल्या परत कोण मोजणार, डोस पिताना तोंडात ठेवून बाहेर थुंकला तर काय करणार. "आम्ही काळजी घेऊ" असं लिहू नका, कोण, कधी, कुठल्या वहीत, ते लिहा.

७. फॉर्म आणि कागदपत्रं

सॅमसाचा फॉर्म एसएमए-१६२, ऑनलाईन भरतात. डीईएचा फॉर्म ३६३, हा फक्त नार्कोटिक ट्रीटमेंट प्रोग्रॅमसाठी असतो (डॉक्टरांचा नेहमीचा २२४, तो भरू नका, आमच्याकडे एकाने भरला होता). स्टेटचा अर्ज डीडॅपकडे, त्यात साधं ड्रग-अल्कोहोल लायसन्स आणि नार्कोटिक ट्रीटमेंटची मंजुरी अशा दोन गोष्टी. अ‍ॅक्रेडिटेशनचा अर्ज ज्या संस्थेकडे जाल तिचा.

फाईलीत हे सगळं तयार ठेवा, प्रत्येकाच्या दोन प्रती:
- कंपनीची नोंदणी, मालकी कोणाची किती ते
- भाडेकरार, ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, झोनिंगचं पत्र
- जागेचा नकाशा, त्यात तिजोरी, कॅमेरे, अलार्म कुठे ते दाखवलेलं
- स्पॉन्सर आणि मेडिकल डायरेक्टरचं लायसन्स, बायोडेटा
- स्टाफची यादी, पात्रता, ट्रेनिंगची सर्टिफिकेटं
- पॉलिसी मॅन्युअल आणि डायव्हर्जन प्लॅन
- आणीबाणीचा प्लॅन. बर्फाचं वादळ आलं, क्लिनिक उघडलंच नाही तर पेशंटला डोस कुठे मिळणार?
- क्लिनिकमध्येच कपात लघवी तपासणार असाल तर क्लियाचं (लॅब-तपासण्यांच्या फेडरल कायद्याचं) वेव्हर सर्टिफिकेट
- मेडिकेडची (गरिबांच्या सरकारी आरोग्य विम्याची) नोंदणी. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी विमा) पण घ्या, १ जानेवारी २०२० पासून ते ओटीपीचे पैसे आठवड्याच्या हिशोबाने देतात

८. तिजोरी

मला वाटलं होतं बँकेतल्या लॉकरसारखं काहीतरी आणू. मेथाडोन शेड्यूल २ या जास्त कडक गटात येतं आणि त्याच्या तिजोरीचं माप नियमात लिहिलेलं आहे. चोरून उघडायला किमान ३० मॅन-मिनिटं (एका माणसाच्या कामाची मिनिटं), फोडून उघडायला १० मॅन-मिनिटं, कुलपाशी खेळून उघडायला २० मॅन-अवर लागले पाहिजेत. विकणाऱ्याकडून तसं लेखी रेटिंग घ्या, "हेवी ड्यूटी आहे मॅडम" यावर जाऊ नका. तिजोरी ७५० पाऊंडांपेक्षा, म्हणजे साधारण ३४० किलोपेक्षा हलकी असेल तर ती जमिनीला बोल्ट करून नाहीतर सिमेंटमध्ये बसवावी लागते. शिवाय अलार्म पाहिजे, तो थेट सिक्युरिटी कंपनीला किंवा पोलिसांना कळवणारा.

आम्ही हलकी घेतली, स्वस्त म्हणून. बोल्ट मारायला माणूस आला, कार्पेट उचललं तर खाली लाकडी फरशी आणि त्याखाली पोकळी. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी तेवढा तुकडा फोडून काँक्रीट ओतलं, आठ दिवस वाळायला आणि तिजोरीवर वाचवलेल्या पैशाच्या दुप्पट खर्च. जागा बघायला जाताना एक कोपरा उचलून बघा, एवढंच.

डीईएचा डायव्हर्जन इन्व्हेस्टिगेटर स्वतः येऊन हे सगळं बघतो. आमच्याकडे आलेल्याने तिजोरीला खांदा लावून ढकलून बघितलं, अलार्म वाजवून किती मिनिटांत फोन येतो ते घड्याळ लावून बघितलं, आणि मग विचारलं किल्ली आणि कॉम्बिनेशन कोणाकोणाला माहीत आहे. आम्ही अभिमानाने सांगितलं, सगळ्यांना! तो काही बोलला नाही, फक्त लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही ते दोन माणसांवर आणलं.

९. डीडॅपचं इन्स्पेक्शन

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, माणसं सभ्य असतात आणि कोड समोर ठेवून कलमाकलमाने जातात. त्रुटी निघाल्या तर घाबरू नका, लेखी सुधारणा-प्लॅन द्यायचा असतो. त्यात "यापुढे काळजी घेऊ" चालत नाही, तारीख आणि जबाबदार माणसाचं पद लागतं.

रिसेप्शनवरच्या मुलीला मात्र आधी तयार करा. ४२ सीएफआर पार्ट २ प्रमाणे एखादा माणूस इथे उपचाराला येतो हेसुद्धा त्याच्या लेखी संमतीशिवाय सांगता येत नाही. आमच्याकडे इन्स्पेक्शनच्या दिवशीच एका पेशंट होऊ घातलेल्या मुलाच्या आईचा फोन आला, आमच्या मुलीने प्रेमाने सांगितलं "हो हो, त्याची अपॉइंटमेंट सोमवारी आहे". इन्स्पेक्टर तीन फुटांवर उभी! आता काउंटरमागे कागद चिकटवलाय: "कोणी इथे येतं की नाही हे मला सांगता येत नाही." आई असो, बायको असो, पोलिस असो, तेच वाक्य.

१०. पहिली ऑर्डर

डीईए नंबर हातात आला की वाटतं झालं. मेथाडोन मागवायला फॉर्म २२२ लागतो, कागदी किंवा त्याची इलेक्ट्रॉनिक पद्धत. तो कोण सही करू शकतो? रजिस्ट्रेशनच्या अर्जावर ज्याची सही आहे तो, किंवा त्याने लेखी पॉवर ऑफ अटर्नी दिलेला माणूस. आमचे डॉक्टर तेव्हा भारतात, पॉवर ऑफ अटर्नी कोणाच्याच नावे नाही, पहिली ऑर्डर तीन आठवडे पुढे गेली. फॉर्मवर खाडाखोड केली तर सप्लायर तो घेत नाही, चुकला की रद्द करून जपून ठेवायचा आणि नवीन भरायचा.

औषध आलं की ज्याचं नाव लेखी ठरवलंय त्यानेच सही करून घ्यायचं, लगेच मोजायचं, लगेच तिजोरीत. रेकॉर्ड किमान दोन वर्षं ठेवायचं. काही कमी भरलं किंवा गेलं तर डीईएला एका कामाच्या दिवसात लेखी कळवायचं आणि मग फॉर्म १०६, म्हणजे चोरी किंवा गहाळ झाल्याचा रिपोर्ट. "संध्याकाळी परत मोजू, सापडेल" असं म्हणून थांबायचं नाही.

११. उघडल्यानंतरचं वर्ष

प्रोव्हिजनलचं घड्याळ चालू असतं. अ‍ॅक्रेडिटेशनवाल्यांची तारीख लवकर मागून ठेवा, त्यांचं कॅलेंडर भरलेलं असतं. ते मिळालं की जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी. डीईए दरवर्षी रिन्यू. स्पॉन्सर किंवा मेडिकल डायरेक्टर बदलला तर सॅमसाला ३ आठवड्यांच्या आत कळवायचं, आमचे दुसरे डॉक्टर आले तेव्हा मी २० व्या दिवशी कळवलं, एक दिवस बाकी होता. या सगळ्या तारखा आता मी कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिते, एकादशीच्या खाली डीईए, दसऱ्याच्या शेजारी डीडॅप.

पहिल्या दिवशी आमच्याकडे अकरा पेशंट आले. सगळ्यात पहिला एक छप्पर घालायचं काम करणारा माणूस होता, पाच वीसपासून दारात उभा, हातात कॉफी. नर्सने पंप लावला, लाल औषध छोट्या कपात आलं, त्यात थोडं पाणी घातलं, तो प्यायला, कप उलटा करून दाखवला, आणि म्हणाला उद्या पण साडेपाचलाच ना, सहाला माझी गाडी निघते.